चष्मा लावून रेंजफाइंडर: ०.७२ की ०.५८? (आणि आईच्या कुड्या)

रीळवाला, सातारा

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागची हकिकत सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. तेव्हा चहा घेऊन बसा.

वय ४९. चष्मा आठवीपासून. उजव्या डोळ्याचा नंबर आज उणे साडेचार, वर सिलिंड्रिकल उणे सव्वा, अ‍ॅक्सिस ९०. हे कार्डावरून उतरवून लिहिलंय, त्यातलं शेवटचं मला कधीच कळलेलं नाही. मागच्या दिवाळीत पेपर हातभर लांब धरायची वेळ आली तेव्हा प्रोग्रेसिव्ह काचा केल्या. साडेआठ हजार मोजले. आकडा मुद्दाम लिहितोय, पुढे त्याचं दुःख येणार आहे.

फोटोंचा नाद वडिलांचा. त्यांची याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन त्यांच्या मित्राने दुबईहून आणलेली, अजून चालते. तिची मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी मिळेनाशी झाली. तेव्हापासून ६ व्होल्टची साधी बॅटरी, एक स्प्रिंग आणि पुठ्ठ्याची नळी यावर संसार चाललाय. ४५ एमएमची एकच लेन्स, ती निघत नाही, फाइंडरमध्ये (ज्यातून बघून फोटो घेतो त्या खिडकीत) फोटोची हद्द दाखवणारी चौकटही एकच. त्यामुळे मॅग्निफिकेशन वगैरे शब्दांशी वीस वर्षांत संबंध आला नाही.

आता मावसभाऊ जर्मनीहून सुट्टीवर आलाय. त्याचा लायका एम ६ त्याने माझ्या हातात ठेवला, सोबत ३५ (रुंद दृश्याची) आणि ५० एमएम अशा दोन लेन्स. म्हणाला, मी आहे तोवर वापर, आवडला तर तिकडे तुझ्यासाठी एखादा जुना बघतो. फाइंडर ०.७२ चा आहे, म्हणजे मॅग्निफिकेशन तेवढं: त्यातून सगळं खऱ्याच्या ०.७२ पट दिसतं. एका आठवड्यात दोन रोल संपवले, न्हाणीघरात धुतले, आणि दोन भानगडी लक्षात आल्या.

पहिली. ३५ लावली की चौकटीच्या चारही कडा एकदम दिसतच नाहीत. डावी बघायला गेलो की उजवी जाते, खालची तर चष्म्याच्या काडीजवळ कुठेतरी विरघळते. अंदाजाने फोटो काढले. निगेटिव्ह बघितली तर प्रत्येक फोटोत कुणाच्या तरी चपला आणि अर्धी सायकल.

दुसरी जास्त लागली. आईचा फोटो घेतला, ५० ने, एफ २ वर (लेन्सचं तोंड मोठं उघडून, म्हणजे फोकसमध्ये येतो तो पट्टा अरुंद), मीटरभरावरून, कॅमेरा उभा धरून. आई ७८ वर्षांची, खिडकीशी बसलेली, उजेड असा की विचारू नका. सात फ्रेम घेतल्या. सातपैकी पाचांत तिच्या कानातल्या कुडीचा मोती न् मोती मोजता येतो, आणि डोळे मात्र धुक्यात. पॅच (फाइंडरच्या मधला तुकडा, रेंजफाइंडर कॅमेऱ्यात त्यातल्या दोन प्रतिमा एक झाल्या की फोकस झाला) मी डोळ्यावरच जुळवला होता, शपथेवर सांगतो.

तर ०.५८ चा फाइंडर घ्यावा का? म्हणतात तो चष्मेवाल्यांसाठीच काढला होता. पण मॅग्निफिकेशन कमी तर फोकस ढोबळ, असंही सगळीकडे वाचतोय, आणि माझा फोकस आधीच कानात गेलाय. मग उलट ०.८५ घ्यावा? एक जण म्हणतो बेसा आर ३ ए हा कॅमेरा घे, त्यात सगळं जसंच्या तसं मोठं दिसतं. दुसरा म्हणतो फाइंडरवर बसणारी नंबराची, म्हणजे डायॉप्टरची काच लाव आणि चष्मा काढून ठेव.

जाता जाता दुःख: मागच्या वर्षी एका मित्राचा सोव्हिएत काळातला फेड-२ कॅमेरा डोळ्याला लावला होता. त्याच्या आयपीसची (डोळा लावायच्या भोकाची) धातूची कड काचेवर घासली. तेव्हा काचा जुन्या होत्या म्हणून निभावलं. साडेआठ हजारांच्या काचेवर मला तसला चंद्र नकोय.

अतिशहाणा

मिररलेस डिजिटल कॅमेरा घ्या. डोळा ओळखतो, फोकस स्वतः करतो. प्रश्न मिटला, धागा बंद करा.

रीळवाला

धन्यवाद. जेवणाची गोळी निघाली की तीही घेईन, पोळी लाटायचा प्रश्न मिटेल.

टोरांटोकर

रीळवाले, मी उणे दोनचा चष्मेवाला, यातले बरेच डबे विकत घेऊन आणि विकून मोकळा झालोय, तेव्हा अनुभवाचे बोल.

आधी हिशेब. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर म्हणजे बेस. लायकाच्या एम मालिकेत तो ६९.२५ मिलिमीटर. त्याला फाइंडरच्या मॅग्निफिकेशनने गुणलं की खरा उपयोगी पडणारा बेस मिळतो. ०.५८ ला ४०, ०.७२ ला ५०, ०.८५ ला ५९. १९५४ चा एम ३ ०.९१ चा, तो ६३ पर्यंत जातो. आता लागतो किती? नजर अगदी तीक्ष्ण धरली तर ५० एफ १.४ ला साधारण १८, ९० एफ २ ला ४०, १३५ एफ ४ ला ४५. म्हणजे ५० च्या लेन्सला ०.५८ सुद्धा दुपटीहून जास्त पुरतो. "ढोबळ" म्हणणारे लोक ९० आणि १३५ च्या गोष्टी ५० वाल्याला सांगतात. ०.५८ मध्ये १३५ ची चौकट मुळात दिलेलीच नाही, यातच काय ते समजा.

०.८५ तुम्ही विसरा. त्यात २८ ची चौकट नाही आणि ३५ ची पार काठावर गेलेली. बिनचष्म्याचा माणूससुद्धा ती बघताना डोळा फिरवतो.

बेसा आर ३ ए माझ्याकडे दोन वर्षं होता. फाइंडर एकास एक, दोन्ही डोळे उघडे ठेवले की चौकट हवेत तरंगते, फार मजा येते. ५० साठी छान. पण त्यातली सगळ्यात रुंद चौकट ४० ची, ती मला चष्म्यातून कधीही पूर्ण दिसली नाही. बेस ३७ मिलिमीटर, गुणिले एक, म्हणजे ३७ च. गंमत बघा, फाइंडर एवढा मोठा दिसतो आणि मोजमापात लायकाच्या ०.५८ च्याही मागे. याच घराण्यातला आर ४ अगदी उलटा: ०.५२, त्यात २१ पर्यंतच्या चौकटी, पण उपयोगी बेस जेमतेम १९. तो रुंद लेन्सवाल्यांचा.

माझ्याकडे शेवटी टिकला तो झाइस आयकॉन कॅमेरा. बेस ७५, मॅग्निफिकेशन ०.७४, आणि चष्म्यासकट २८ ची चौकटही जवळपास दिसते. खोड एकच. डोळा मधोमध नसेल तर पॅच फिका पडतो, कधी गायबच होतो. इथे जानेवारीत उणे १५ ला श्वासाने चष्मा, आयपीस आणि माझा संयम असे तिन्ही एकदम धुरकटतात, तेव्हा ते जास्त जाणवतं.

एक ऐतिहासिक गंमत. एम ३ मध्ये ३५ ची चौकटच नव्हती. मग कंपनीने ३५ च्या लेन्सलाच दोन भिंगांचा चष्मा चढवला. तो फाइंडरच्या खिडक्यांसमोर येतो आणि ५० च्या चौकटीत ३५ चं दृश्य बसवतो. पुढे ०.७२ चा एम २ आला आणि लेन्सचा चष्मा उतरला. तेव्हा लाजू नका, कॅमेऱ्यालाही लागलेला आहे.

माझं मत: ३५ जास्त वापरणार असाल तर ०.५८, ५० वापरणार असाल तर आहे तो ०.७२.

डोळस, डोंबिवली

टोरांटोकरांचा हिशेब बरोबर आहे, पण रीळवाल्यांचं दुखणं त्यात नाही. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, २३ वर्षं रोज लोकांच्या नाकावर चष्मे बसवते, आणि रविवारी एम २ घेऊन फिरते. दोन्ही टोप्या घालून लिहिते.

कुड्यांपासून सुरुवात करू. चांगली नजर म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखणारी. उपयोगी बेस ५० मिलिमीटर असेल तर अशा नजरेची मीटरभर अंतरावरची चूक येते साधारण ६ मिलिमीटर. ०.५८ चा फाइंडर घेतला तर साडेसात. म्हणजे तुम्ही ज्यावर एवढा जीव काढताय तो फरक दीड मिलिमीटरचा आहे. ५० च्या लेन्सला एफ २ वर, मीटरभरावर, पुढेमागे मिळून साडेचार सेंटिमीटर नीट येतं. डोळ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आठ-नऊ सेंटिमीटर असतात. तुमचा फोकस मिलिमीटरांनी चुकलेला नाही, बोटांनी चुकलाय. एवढी चूक कुठलंही मॅग्निफिकेशन घडवून आणू शकत नाही. काहीतरी हलतंय किंवा काहीतरी धूसर दिसतंय. माझा संशय दोन्हींवर आहे.

धूसर आधी. प्रोग्रेसिव्ह काचेचा वरचा भाग लांबचा, खालचा वाचायचा, मधली चिंचोळी गल्ली मधल्या अंतरांची आणि दोन्ही बाजूंना लाटा. कॅमेरा डोळ्याला लावताना बहुतेक लोक हनुवटी किंचित वर करतात. म्हणजे तुम्ही त्या गल्लीतून किंवा थेट वाचायच्या भागातून बघताय. तिथून पॅच मऊ दिसणार, दोन प्रतिमा "जुळल्यासारख्या" वाटणार, आणि तुम्ही तिथेच थांबणार. हनुवटी खाली घ्या, काचेच्या वरच्या भागातून बघा. आज घरी दाराच्या चौकटीवर करून बघा, फरक लगेच कळेल.

डायॉप्टरचं म्हणाल तर तुमच्यासाठी ते नाही. लायकाच्या काचा उणे तीनपर्यंतच येतात. फाइंडर मुळातच उणे अर्ध्याचा बनवलेला असतो, म्हणून उणे साडेचारवाल्याला उणे चार पुरेल, पण चारसुद्धा त्यांच्या यादीत नाही. आणि असती तरी गोल नंबर भरून निघेल, सिलिंड्रिकलचं काय? आता ते "शेवटचं काही कळत नाही" समजावते. अ‍ॅक्सिस ९० म्हणजे चष्मा काढल्यावर तुमच्या डोळ्याला उभ्या रेघा जास्त पुसट दिसतात, आडव्या त्या मानाने बऱ्या. कॅमेरा आडवा धरला की पॅचमधली प्रतिमा डावी-उजवी सरकते आणि आपण जुळवतो त्या उभ्या रेघा: दाराची कड, नाकाचा कंगोरा. म्हणजे नेमकी तुमची कच्ची बाजू. तुमचा अ‍ॅक्सिस १८० असता तर मी म्हटलं असतं, नंबर बसणारी काच मिळाली तर लावून बघा, निदान आडव्या फोटोंना चालून जाईल. ९० ला नको. चष्मा ठेवायचाच.

स्क्रूड्रायव्हर

ताई सांगतायत ते सगळं खरं, पण आधी कॅमेरा स्वतः सरळ आहे का बघा. उधारीचा आहे म्हणून बोलतो. लेन्स अनंतावर ठेवा आणि किलोमीटर-दोन किलोमीटरवरची उभी कड बघा. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर आयता आहे. दोन प्रतिमा एक झाल्या पाहिजेत, शेजारी शेजारी नको आणि वर-खालीही नको. मग ट्रायपॉड, टेबलावर तिरकी पट्टी, मीटरभर अंतर, एफ २, पट्टीच्या मधल्या आकड्यावर फोकस, चार फ्रेम. प्रत्येक वेळी फोकस मोडून नव्याने करायचा.

काच घासायचं म्हणाल तर एम ६ च्या आयपीसला मऊ कड असते. फेड, झॉर्की, जुने एम ३, एम २ यांना धातूची. सायकलच्या ट्यूबची पातळ चकती कापून चिकटवा, काम तमाम. फेड-२ ला रिवाइंडच्या गुंडीखाली नंबर जुळवायचा छोटा दांडा असतो, पण सिलिंड्रिकलला तोही निरुपयोगी.

रीळवाला, सातारा

डोळसताई, एक बाळबोध शंका. कॅमेरा डोळ्याला चिकटलेला, मग जवळचा नंबर का नाही लागत? मी तर मुद्दाम खालच्या भागातून बघत होतो, वाटलं जवळची वस्तू आहे.

डोळस, डोंबिवली

बाळबोध नाही, माझ्याकडे येणारे निम्मे हौशी फोटोवाले हेच करतात. खिडकीची काच नाकाला लागली तरी तुम्ही बघता रस्ताच ना? फाइंडरमधलं दृश्य डोळ्याला दोनेक मीटरवर असल्यासारखं पोचतं. म्हणून लांबचाच नंबर. जवळचा लागतो तो लेन्सवरचे आकडे वाचायला. साठीनंतर लांबच्या चष्म्यातूनही पॅच किंचित मऊ वाटायला लागतो, तेव्हा अधिक अर्ध्याची डायॉप्टर काच चष्म्याबरोबर लावली की बरं वाटतं. तुम्हाला अजून वेळ आहे.

आता कडांबद्दल, ते राहिलंच होतं. बुबुळापासून चष्म्याच्या काचेपर्यंत साधारण १२ ते १४ मिलिमीटर अंतर असतं. चष्मा नाकावर घसरलेला असेल तर १६-१७ सुद्धा. त्यापुढे काचेची जाडी, मग आयपीस. दाराच्या भोकातून बघताना दोन पावलं मागे सरकल्यासारखं आहे हे. जेवढे मागे, तेवढ्या कडा कमी. तुमची फ्रेम कशी आहे? मोठी, जाड, हल्लीच्या फॅशनची असेल तर तीच अर्धी गुन्हेगार. छोटी, पातळ, नाकावर पॅड असलेली धातूची फ्रेम घ्या, फक्त लांबच्या नंबरच्या काचा बसवा, सिलिंड्रिकलसकट, वर अँटिरिफ्लेक्शनचा थर. पॅड थोडे फाकवून काच दोन मिलिमीटर आत घेता येते, कुठल्याही दुकानात पाच मिनिटांत करून देतात. पापण्या काचेला लागायला नकोत एवढंच बघायचं. आणि बाजूने ऊन येत असेल तर डाव्या हाताचा पंजा चष्म्याशेजारी आडवा धरा. पॅच फिका वाटतो तो पुष्कळदा या चोरट्या उजेडाने.

कॉन्टॅक्ट लेन्स हा सगळ्यात सरळ उपाय, सिलिंड्रिकलच्याही येतात. पण ४९ व्या वर्षी सुरू करा असं मी आग्रहाने सांगणार नाही. जवळचा चष्मा गळ्यात लटकवावाच लागेल.

आणि राहिला पहिला संशय. तुम्ही लिहिलंय की डावी कड बघायला गेलो की उजवी जाते. "बघायला गेलो" म्हणजे काय करता? डोळा फिरवता की डोकं? फोकस झाल्यावर आईच्या डोक्यावर जागा किती राहिली हे बघायला तुम्ही पुढे सरता का? कुणाला तरी बाजूला उभं करून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. फोटो घेताना मुद्दाम काही करू नका, नेहमीसारखा घ्या.

अतिशहाणा

ताई, तुमच्या दुकानाचा पत्ता द्या. मिररलेसवालाही आंधळाच आहे इकडे.

डोळस, डोंबिवली

इथे जाहिरात चालत नाही. जवळच्या दुकानात जा, पण डोळे तपासून घ्या, दुसऱ्याचा चष्मा लावून "हा बरा दिसतोय" करू नका.

रीळवाला, सातारा

दोन आठवड्यांनी परत येतोय. भाऊ परवा निघतोय, त्याच्या आत सगळे प्रयोग उरकायचे होते.

आधी स्क्रूड्रायव्हरांचा. टॉवर एक झाला, वर-खाली सुद्धा नाही. पट्टीच्या चार फ्रेमपैकी चारही जागेवर. हनुवटी खाली घेऊन केल्या होत्या. मग खोडी म्हणून आणखी दोन जुन्या सवयीने केल्या, काचेच्या खालच्या भागातून. त्यातली एक फ्रेम दोन सेंटिमीटर मागे गेली, दुसरी पुढे. म्हणजे कॅमेरा शहाणा आहे.

मग व्हिडिओ. मुलीला बाजूला उभं केलं, आईला पुन्हा खिडकीशी बसवलं. व्हिडिओ बघून मुलगी इतकी हसली की तिने तो तिच्या आत्याला पाठवलाय. मागे खिडकीचे गज आहेत, त्यांच्यात चार-चार इंचांचं अंतर, त्यामुळे माप आयतं मिळालं. मी फोकस करतो, तेव्हा माझं नाक एका गजासमोर. मग चौकटीची वरची कड शोधायला मान पुढे काढतो, खांदे मागून येतात, चष्मा कॅमेऱ्यावर दाबतो, आणि क्लिक होतं तेव्हा नाक दोन गजांमधलं अर्ध्याहून जास्त अंतर ओलांडून पुढे गेलेलं. सहा सेंटिमीटर तरी असतील. शिवाय पॅच मधोमध असतो, म्हणून डोळ्यावर जुळवून मग कॅमेरा खाली झुकवतो, त्यातही सेंटिमीटरभर जात असणार, आणि तेही त्याच दिशेला. बेरीज केली की बरोबर कानात.

म्हणजे माझ्या दोन भानगडी नव्हत्याच. कडा दिसत नव्हत्या म्हणून मी पुढे झुकत होतो, आणि झुकत होतो म्हणून कुड्या येत होत्या. आम्ही मात्र बाहेरच्या देशातून दुसरा कॅमेरा मागवायला निघालो होतो. याशिकावर हे कधी झालं नाही, कारण तिची चौकट चष्म्यातून पुरी दिसते, झुकायची गरजच पडत नाही. आणि खरं सांगायचं तर बाहेर उन्हात एफ ८ च्या खाली मी जातो कुठे.

नवा चष्मा केला. जुन्या कपाटात कॉलेजच्या काळातली स्टीलची फ्रेम होती, अंड्याच्या आकाराची, बायकोला कधीच न आवडलेली. तिच्यात नुसत्या लांबच्या काचा, १४०० रुपये. दुकानदाराला पॅड फाकवून काच आत घ्या म्हटलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. बाकीची गिऱ्हाईकं पापण्या लागतात म्हणून बाहेर घ्या सांगतात म्हणे. पण केलं त्याने.

निकाल: ५० ची चौकट आता चारही बाजूंनी दिसते, भोवती थोडी हवासुद्धा राहते. ३५ ची अजूनही पूर्ण नाही, खालचा उजवा कोपरा राहतोच. पण तो बघायला आता डोळा फिरवतो, डोकं नाही. डोकं हललंच तर मुलीने ठरवून दिल्याप्रमाणे ती मागून "गज!" असं ओरडते. तिसऱ्या रोलमध्ये आईच्या बारा फ्रेम घेतल्या, एफ २, तेवढंच अंतर. दहांत पापणीचा केस न् केस आहे. उरलेल्या दोन आईच हलली म्हणून गेल्या, असं माझं म्हणणं. तिचं वेगळं आहे.

टोरांटोकर, तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी आलोय. आठवडाभरात ३५ फक्त दोनदा लावावीशी वाटली. तेव्हा ०.५८ चा विषय बंद, भावाला ०.७२ आणि एक ५० शोधायला सांगितलंय. घाई नाही.

टोरांटोकर

उत्तम. ५० घेताना मीटरच्या आत ७० सेंटिमीटरपर्यंत जाणारी बघा, जुन्यांतल्या बऱ्याच मीटरवरच थांबतात. आईचे प्रिंट टाका की इथे.

रीळवाला, सातारा

प्रिंट काल काढला, आठ बाय दहा. आईला दाखवला. तिने चष्मा लावून, खिडकीत नेऊन, दोन मिनिटं बघितला. मी मनात डोळसताईंचे आभार मानत उभा. मग म्हणाली, "सुरकुत्या बऱ्या दिसतायत सगळ्या. कुड्या का रे पुसट आल्या? आधीच्यात किती छान आल्या होत्या."

डोळस, डोंबिवली

एफ ५.६ ला घ्या आणि फोकस डोळ्याच्या किंचित मागे ठेवा, दोन्ही येतील. शटर कमी होईल, ट्रायपॉड लावा.

रीळवाला, सातारा

रविवारी सकाळी दहाची वेळ मिळालीय. कुड्या सोनाराकडे उजळायला टाकल्यात.